कोमात्सू नो मोरी: डंपर बघाच, पण कारखान्याची गोष्ट वाचून जा

जपानमधे इशिकावा साइडला येणारे सगळे कानाझावा करतात आणि परत फिरतात. तिथून शिंकानसेनचं पुढचंच स्टेशन कोमात्सू, मार्च 2024 पासून थेट गाडी झालीये, आणि पूर्वेकडून बाहेर पडलं की समोरच कोमात्सू नो मोरी हे पार्क आणि त्यात हे पिवळं धूड उभं दिसतं. 930ई, खाणीतला डंपर, एका खेपेला जवळपास 290 टन माल उचलणारा. शेजारी चांगला उंच माणूस उभा केला तरी त्याचं डोकं जेमतेम टायरच्या मध्यापर्यंत पोचतं, चाकाच्या नटांकडे बघत उभं राहायचं बस. पुढच्या बाजूने तिरका जिना वर जातो आणि तो चढून गेल्यावर ड्रायव्हरची केबिन त्या मानाने एवढीशीच निघते. वर चढायच्या वेळा आधी बघून जा, नाहीतर पोरं तिथेच भोकाड पसरतील. एंट्री फुकट.

आता खरी गंमत. ज्याच्यासोबत सगळे सेल्फी काढतात तो डंपर या गावचा नाहीच, हे मॉडेल अमेरिकेत इलिनॉयमधल्या पियोरियाच्या कारखान्यात बनतं. आणि ही जागा म्हणजे डंपर-बुलडोझर बनवणाऱ्या कोमात्सू कंपनीचा मूळ कारखाना, जो 2010 मधे बंद झाला. पत्र्याला दाबून आकार देणारे मोठाले प्रेस बनायचे इथे, ते काम कानाझावा बंदराजवळच्या नव्या प्लांटला गेलं, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे कंपनीला 90 वर्षं झाली तेव्हा, रिकाम्या जागेवर हे पार्क उघडलं. गावाचंच नाव कंपनीला आहे.

सुरुवात तांब्याच्या खाणीतून झाली. ताकेउची मेइतारो नावाच्या माणसाने जवळची युसेन्जी खाण घेतली, आणि खाणीला लागणारी मशिनरी आपणच बनवू म्हणून 1917 मधे इथे वर्कशॉप टाकलं, 1921 मधे त्याची वेगळी कंपनी झाली. हा गडी म्हणजे पुढे जपानचे पंतप्रधान झालेल्या शिगेरू योशिदांचा मोठा भाऊ, आणि डॅट (DAT) गाडीला पैसे लावणाऱ्या तिघांपैकी एक, तिघांच्या आद्याक्षरांतला T म्हणजे हाच, पुढे त्याचंच डॅटसन झालं.

1931 मधे पट्ट्यावर चालणारा शेतीचा ट्रॅक्टर, मग दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाला वेक बेटावर अमेरिकन बुलडोझर हाती लागले आणि तसं मशीन आम्हालाही पाहिजे म्हणून कोमात्सूच्या मागे लागले. आपल्याच ट्रॅक्टरला पुढे पातं लावून 1943 मधे डोझर तयार!

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो 1961 नंतरचा काळ. अशीच मशिनं बनवणारी अमेरिकन कंपनी कॅटरपिलर मित्सुबिशीबरोबर जपानमधे उतरणार म्हटल्यावर यांचे धाबे दणाणले, कारण मालाची क्वालिटी बेताचीच होती आणि ते यांनाही माहीत होतं. मग मारू-ए नावाची मोहीम काढली, खर्चाचं नंतर बघू, आधी डोझर टिकला पाहिजे, असा सरळ हुकूम. त्याच वर्षी कमिन्सकडून इंजिनाचं लायसन्स घेतलं (पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली ती 1962 ची, म्हणजे जवळजवळ जोडीनेच), आणि 1964 मधे डेमिंग प्राइझ, म्हणजे क्वालिटीसाठीचं जपानमधलं मानाचं बक्षीस. तीन वर्षांत! आपल्याकडे चंद्रपूर-वणीच्या कोळसाखाणीत बंगळुरूच्या बीईएमएल कंपनीचे डोझर बघितले असतील तर त्यातले बरेच मूळ कोमात्सूच्याच डिझाइनवरचे.

पार्कमधे जुन्या हेड ऑफिससारखी बांधलेली छोटी इमारत आहे, मागे टेकडी-तळं-झाडीचा हिरवा पट्टा, एकदम स्वच्छ. तासा-दीड तासात आरामात होतं. पण माझं स्पष्ट मत, हे पोरांसाठी केलेलं पार्क आहे, मारू-एच्या वेळची घालमेल, शॉपफ्लोअरवर काम करणारी माणसं, ती भट्टीची धग, हे कुठे अंगावर येत नाही. एवढा जुना कारखाना पाडला तर एखादी शेड तरी तशीच ठेवायची ना. ज्याला इतिहासात रस आहे त्याने आधी थोडं वाचून जावं.

पोरं बरोबर असतील तर पाचपैकी पाच. एकटे इंजिनिअर असाल तर साडेतीन, आणि कंपनीचा आवझु प्लांट याच गावात 1938 पासून चालू आहे, पण तिथे असंच उठून आत जाता येत नाही.