लॅब्रॅडॉरसाठी घरी येणारे ट्रेनर लावले, त्याचा अनुभव (इंदिरानगर, नाशिक)

आमच्या गुंडूला आता अकरा महिने झाले, फॉन कलरचा लॅब, वजन २९ किलो. ट्रेनर दादांचे आठ व्हिजिट घेतले, एकूण सहा हजार दिले. खूप जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगायला हवं की पिल्लू आणताना आमची फसवणूक झाली. विकणारा म्हणाला आठ आठवड्यांचं आहे, हेवी बोन (जाड हाडापेराचं) आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचे) पेपर नंतर देतो. पेपर आजतागायत आले नाहीत आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दात बघून सांगितलं की हे जेमतेम पाच-साडेपाच आठवड्यांचं आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. त्याचा परिणाम काय झाला तर गुंडू चावायचा, म्हणजे खेळतानाच, पण मुलाच्या हातातून रक्त यायचं, आणि सासूबाई म्हणायला लागल्या की लॅब शांत असतो म्हणतात ना, मग हा असा कसा.

दादांनी पहिल्या दिवशी याचं जे कारण सांगितलं ते मला फार पटलं. पिल्लं एकमेकांना चावतात, जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबवतं, आई दटावते, यातूनच त्यांना कळतं की दात किती लावायचे. गुंडूला तिथून लवकर उचललं त्यामुळे त्याचं हे शिकणं राहूनच गेलं, त्यात त्याचा काही दोष नाही. मग आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट केली, दात लागला की खेळ बंद, उठून दुसऱ्या खोलीत जायचं, ना ओरडायचं ना मारायचं. पाच आठवडे लागले पण फरक पडला.

दादांचं मला सगळ्यात आवडलं ते हे की बैठ-उठ शिकवण्याआधी ते कुत्रा समजावून सांगतात. गुंडू बाथरूममधल्या बादलीत पुढचे दोन्ही पाय घालून उभा राहायचा, आम्ही रागवायचो. दादांनी त्याचा पंजा हातात घेऊन बोटं फाकवून दाखवली, मधे पातळ कातडी असते बदकासारखी. यांचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडे होते, थंड पाण्यात उड्या मारून जाळी ओढायचे, मासे आणून द्यायचे, नंतर इंग्लंडमध्ये ही जात घडली आणि तिथल्या केनेल क्लबने १९०३ मध्ये मान्यता दिली. तोंडात चप्पल घेऊन घरभर फिरणं हे त्याच्या रक्तातच आहे, म्हणून चप्पल हिसकावण्यापेक्षा त्याला 'आण' आणि 'सोड' शिकवा म्हणाले. (अमेरिकेत १९९१ ते २०२१ सलग ३१ वर्षं हीच जात पहिल्या नंबरवर होती, आणि घरात वावरताना बघितलं की का ते कळतं.)

खाण्याबद्दल मात्र नीट वाचा, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद यावरूनच झाले. गुंडू जेवल्यावर पाच मिनिटांत परत सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसायचा आणि त्या तूप लावलेली पोळी द्यायच्या, म्हणायच्या भुकेला जीव आहे गं. दादांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, आजी, २०१६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय की साधारण चारातल्या एका लॅबच्या पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही, तो मागतोय म्हणजे उपाशी आहे असं धरू नका. वजन वाढलं की आधी मागचे खुबे जातात, यांना तो त्रास मुळातच लवकर होतो. मग हाताची खूण दाखवली, मूठ आवळून बोटांच्या हाडांवरून हात फिरवा, बरगड्या तशा टोचल्या तर कुत्रा बारीक, तळव्यासारख्या मऊ लागल्या तर जाड, आणि हात सरळ ठेवून मागच्या बाजूने लागतं तशा लागल्या तर बरोबर. आता दर रविवारी सासूबाईच गुंडूच्या बरगड्या चाचपतात आणि त्या आठवड्यात किती द्यायचं ते ठरवतात.

दुसऱ्या व्हिजिटला टीपॉयवर द्राक्षांचा बाऊल होता, दादांनी बसायच्या आधी तो उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक, कुठल्या कुत्र्याला किती बाधतील सांगता येत नाही म्हणून एकही द्यायचं नाही. नाशिकमध्ये हे प्रत्येक कुत्रेवाल्याला माहीत पाहिजे, सीझनला आपल्याकडे घरोघरी क्रेट येतात. फेब्रुवारीत पिंपळगावहून भाऊ क्रेट घेऊन आला, मुलाच्या हातून घड पडला आणि गुंडूने उचलला. मुलगा घाबरला पण ओरडला नाही, शांतपणे 'सोड' म्हणाला, आणि लाळेने भिजलेला अख्खा घड फरशीवर आला. देठ मोजले तर दोन द्राक्षं कमी होती, तसंच डॉक्टरांकडे नेलं, उलटी करवली, दोन्ही बाहेर पडली. त्या एका शब्दाने माझे सगळे पैसे वसूल झाले.

तक्रारीही आहेत. दादा वेळेवर येत नाहीत, साडेसात म्हणाले की सव्वाआठ धरा, पावसाळ्यात दोन व्हिजिट ऐनवेळी कॅन्सल केले (नंतर भरून दिले). लेखी काही देत नाहीत, सगळं तोंडी, त्यामुळे मी वहीत लिहून घ्यायचे. आणि घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं असा त्यांचा हट्ट असतो, यांना ऑफिसमुळे ते जमायचं नाही, आणि खरंच गुंडू आजही त्यांचं कमी ऐकतो.

केस प्रचंड गळतात, त्यावर दादांकडेही उपाय नाही, रोज ब्रश करा एवढंच. एका पार्लरवाल्याने उन्हाळ्यासाठी पूर्ण केस काढायला सांगितलं होतं, दादा नको म्हणाले, दुहेरी कोट (केसांचे दोन थर) असतो, तोच उन्हापासून वाचवतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणतो, डांबरावर आपला हात पाच सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पायही भाजतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा वेळेसाठी कापला. लॅब घ्यायचा विचार असेल तर पिल्लू आणायच्या आधीच एक व्हिजिट घ्या, पिल्लू बघायलाही दादा सोबत येतात, आम्हाला हे उशिरा कळलं.