‘आजोबांवर गेलाय, ताई’ : चॅम्पियन लाइनच्या बोक्यापायी गेलेले 86,850 रुपये

आकडा आधी सांगून टाकते, कारण आजवर मी तो सगळ्यांना कमी करून सांगितलाय. नवऱ्याला 40,000 सांगितला, आईला 25,000. खरा आकडा 86,850. पर्शियन मांजराच्या पिल्लाचे 58,000 (10,000 टोकन, 48,000 ताब्यात घेताना), ‘पेपर ट्रान्सफर’चे, म्हणजे वंशावळीचा कागद माझ्या नावावर करायचे 6,500, मायक्रोचिपचे (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) 2,500, शोची एंट्री आणि हँडलिंग म्हणून 8,500, आणि पहिल्या दोन महिन्यांत डॉक्टरांकडे गेलेले 11,350. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात 19 वर्षं व्हाउचरं तपासते. दुसऱ्याच्या बिलावरची खाडाखोड मला लांबून दिसते. माझ्याच कपाटातल्या फायलीतली खोट सात महिने दिसली नाही, हे लिहितानाही हात जड होतो.

पद्धत तुम्हाला माहीतच आहे. इन्स्टाग्रामवर गोंडस फोटो, ‘लास्ट पीस’, संध्याकाळपर्यंत टोकन आलं नाही तर दुसरी पार्टी तयार. पण मी स्वस्तात मिळतंय म्हणून भुलले नाही, हे लक्षात घ्या. साधा डॉल फेस (नाक थोडं वर असलेला, शोचा नसलेला) पर्शियन मला 12,000 ला मिळत होता. मला मांजरांच्या शोमध्ये उतरवायचा होता. जातिवंत मांजरांच्या वर्गात उतरवायचं तर मांजरांच्या क्लबची नोंदणी आणि वंशावळीचा कागद लागतो, नाहीतर हाउसहोल्ड पेटच्या, म्हणजे साध्या घरगुती मांजरांच्या वर्गात बसवतात. म्हणजे मी जे वरचे पैसे मोजले ते कागदासाठीच मोजले. आणि नेमका कागदच खोटा निघाला.

आता तो क्षण. मे महिन्यातला रविवार, ताबा घ्यायच्या आदल्या दिवशीचा व्हिडिओ कॉल. मी म्हटलं, आईबाप दाखवा. विक्रेत्याने दाखवले. आई ब्लू, बापही ब्लू. ब्लू म्हणजे आपल्या भाषेत राखाडी, पण मांजरवाले ब्लूच म्हणतात. आणि माझं पिल्लू काळंभोर. मी विचारलं हो! माझ्या तोंडून प्रश्न आला होता: “दोघंही ब्लू, मग हा काळा कसा?” तो क्षणभरही थांबला नाही. “आजोबांवर गेलाय, ताई. आजोबा ब्लॅक चॅम्पियन होते.” आणि मला ते पटलं, कारण माझा मुलगा तंतोतंत माझ्या सासऱ्यांसारखा दिसतो. तेवढ्यावर मी 48,000 रुपयांची तयारी केली.

आज मला माहीत आहे ते तेव्हा दहा मिनिटं वाचलं असतं तरी कळलं असतं. मांजराचा गडद रंग प्रभावी असतो, फिका अप्रभावी. ब्लू म्हणजे काळ्याचाच फिका झालेला रंग, आणि तो दिसायला पिल्लाला आई आणि बाप दोघांकडूनही फिकेपणाचा वारसा यावा लागतो. म्हणजे ब्लू मांजराकडे पुढे द्यायला गडदपणा उरलेलाच नसतो. काळ्या जोडप्याला ब्लू पिल्लू होऊ शकतं, ब्लू जोडप्याला काळं होत नाही. आजोबा कितीही काळे असोत. कागदावर हे लिहिलेलंसुद्धा होतं. मांजरांच्या कागदांवर रंग अक्षरांत लिहितात: पर्शियनसाठी ‘पीईआर’, काळ्यासाठी ‘एन’, ब्लूसाठी ‘ए’. बापापुढे ‘पीईआर ए’, आईपुढे ‘पीईआर ए’, पिल्लापुढे ‘पीईआर एन’. तीन ओळी. मी तो कागद लॅमिनेट करून आणला.

नाव ठेवलं बुक्का. सात महिने मी त्याच्यासाठी काय केलं ते पर्शियन पाळणाऱ्यालाच कळेल. रोज सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास विंचरणं, आधी रुंद दातांची फणी, मग बारीक. काखेत आणि पोटाखाली एक दिवस चुकला तरी जटा होतात. पंच फेस, म्हणजे चपटं तोंड असल्यामुळे डोळ्यांतून सतत पाणी, ते दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या कापसाने पुसायचं, नाहीतर खाली तपकिरी ओघळ पडतात. दर पंधरा दिवसांनी तेलकटपणा काढायची आंघोळ, मग पंख्याखाली नाही, ड्रायरखाली, केस उलटे उचलत. आल्या आल्या त्याला गजकर्ण निघालं, कानामागे आणि पंज्यांवर. त्याचंच औषध आणि तपासण्या मिळून ते 11,350. माझ्या मनगटावरही दोन चट्टे उठले. विक्रेता म्हणाला, “प्रवासाचा स्ट्रेस आहे, ताई.” पिल्लू पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि अंगावरचा प्रत्येक चट्टा तारखेसकट फोटोत पकडून ठेवा. मी ठेवले नाहीत.

शो डिसेंबरमध्ये होता. “एंट्री आमचा हँडलर करेल, तुम्ही फक्त बोका घेऊन या,” म्हणून 8,500 घेतले. मी पिंजऱ्याला लावायला गडद लाल पडदे शिवून घेतले होते, काळ्या केसांवर उठून दिसावेत म्हणून. टेबलावर गेले तर यादीत बुक्क्याचं नाव नाही. हँडलरचा फोन बंद. तिथल्या मुलीने बिचारीने मदत करायची म्हणून कागदावरचा नोंदणी क्रमांक तपासला. तो दुसऱ्याच मांजराचा होता, आणि ते मांजर मादी होतं. मग स्कॅनर आणला, मानेवरून, खांद्यांवरून, पोटापर्यंत तीनदा फिरवला. स्कॅनर गप्प. 2,500 रुपयांची चिप त्याच्या अंगात कधी गेलीच नव्हती. शेजारी एक वयस्कर बाई आपल्या मांजराला पावडर लावत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, आईबाप दोघं ए आणि पिल्लू एन? असं होत नाही.” सगळ्यांसमोर मला रडू आलं. ते पडदे मी गाडीतच ठेवले, अजून वर आणलेले नाहीत.

तुम्ही असं करा. पैसे देण्याआधी क्लबला स्वतः ईमेल पाठवून नोंदणी क्रमांक विचारा, विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. चिप झाली म्हणतो ना, तर आपल्या डॉक्टरांच्या स्कॅनरवर पंधरा आकडे वाचून घ्या आणि मगच उरलेली रक्कम द्या.

यापुढचं सगळ्यात संतापजनक. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी हवालदार शेजारच्याला म्हणाला, “मांजराची केस आलीय,” आणि दोघं हसले. मी चार वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा, “हे सिव्हिल मॅटर आहे, मॅडम, मांजर तर मिळालंय ना तुम्हाला?” मी म्हटलं, खोटा कागद दाखवून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? तिसऱ्यांदा सांगितलं, विक्रेता मुंबईकडचा, तिकडे तक्रार द्या. एक दिवस रजा टाकून तिकडे गेले, तर तिथले म्हणाले, पैसे पुण्यातून गेले, पुण्यात द्या. झीरो एफआयआर कायद्यात आहे, हद्द कुठलीही असो नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे मीच त्यांना सांगितलं. साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. एवढंच.

1930 वर फोन केला. ती हेल्पलाइन पैसे गेल्या गेल्या कळवलं तर खातं गोठवायच्या कामाची. माझ्या व्यवहाराला सात महिने झालेले. बँकेत गेले, कारण क्यूआर कोड त्याच्या नावाचा नव्हताच, कुणा भलत्याच बाईच्या नावाचा होता. (हेसुद्धा मला पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसलं होतं. तो म्हणाला, मिसेसचं खातं आहे.) बँक म्हणते खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही. पोलीस म्हणतात एफआयआरशिवाय पत्र नाही. आणि एफआयआर नाही, कारण मांजर मिळालंय ना!

पशुकल्याणवाल्या कार्यालयात विचारलं. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी 2017 पासून नियम आहेत, पेट शॉपसाठी 2018 पासून. फ्लॅटमध्ये मांजरांची पैदास करून फोनवर विकणारा कशात बसतो, याचं उत्तर कुणी दिलं नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून “लेखी द्या.” लेखी दिलं. पोचसुद्धा मिळाली नाही. ज्या क्लबचं नाव वापरून मला फसवलं त्यांचं उत्तर दोन ओळींचं: तो आमचा सदस्य नाही, आम्ही काही करू शकत नाही. तुमच्या नावाचा खोटा कागद बाजारात फिरतोय, त्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल होते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर चौकीत चकरा मारल्या नसत्या. अडचण पत्त्याची. त्याने दिलेल्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत आली. म्हणून सांगते, पिल्लाची आई स्वतः जाऊन बघा, त्याच्या घरात, व्हिडिओवर नाही. घर बघितलं की पत्ता आपोआप हातात येतो. पावती नाही तर पैसे नाहीत. आणि चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात मी अर्धं केलं.

आणखी एक, हे रंगाहून महत्त्वाचं. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, एका पालकात असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. आईबापाच्या जनुकीय चाचणीचा रिपोर्ट मागा. माझ्याकडे आईबापच खोटे, त्यामुळे रिपोर्ट कुणाचा मागणार? बुक्क्याची सोनोग्राफी पुढच्या शनिवारी आहे. त्याला परत देऊन पैसे मागा असं दोघांनी सुचवलं. तो कुठेही जाणार नाही.

परवा रात्री त्या माणसाची नवी जाहिरात दिसली, वेगळ्या नावाने. व्हिडिओत तीच ब्लू आई, तोच ब्लू बाप, मागे तोच फुलाफुलांचा पडदा. किंमत 65,000, विथ पेपर्स. पिल्लू या वेळी लाल आहे.