जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरची (नांगर उचलणारी) लिफ्ट: सांगलीतलं एक वर्कशॉप
मार्केट यार्डाकडचं हे वर्कशॉप बघता क्षणी ‘पंप बदला’ म्हणत नाही, ही मोठी गोष्ट. तक्रार नेहमीची असते: इंजिन बंद केलं की नांगर हळूहळू खाली बसतो, चालू असताना लिफ्ट सारखी उचक्या देते. म्हणजे दाबाचं तेल आतल्या आत गळतंय.

इथं नांगर उचलून इंजिन बंद करतात आणि बाजूचं झाकण उघडून टॉर्च मारतात. सिलिंडरच्या तोंडातून तेल ठिबकलं तर पिस्टनची रिंग गेली. उभ्या पाइपाशी ओघळ दिसला तर तिथली ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी रिंग) गेली. सिलिंडरमध्ये नख फिरवून बघतात. ओरखड्यात नख अडकलं, तर नुसती नवी रिंग टाकून पैसे वाया.

वरचं झाकण काढताना आधी लिफ्टचे हात खाली सोडतात आणि झाकण चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) सरळ उचलतात. तिरकं ओढलं की कंट्रोलचे लिव्हर वाकतात, मग कितीही सेटिंग करा, लिफ्ट नीट चालत नाही. बसवल्यावर मागची ड्राफ्टची (नांगराची ओढ लिफ्टला कळवणारी) स्प्रिंग तपासतात: बोटांनी फिरली पाहिजे, पण मागं-पुढं अजिबात खेळता कामा नये. हे बरेच मिस्त्री सोडूनच देतात!

तेल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी शिरलं असेल, तर सगळं तेल बदलायला लावतात. खर्च वाटतो, पण पाण्यानं कंट्रोल व्हॉल्व्ह गंजून अडकतो. बिलावर सीलचा (रिंगा, ओ-रिंग यांचा) मेक, म्हणजे कंपनी, लिहीत नाहीत, तो विचारून घ्या. जुने पार्टही मागून घ्या.