मुखपृष्ठ नसलेला प्रश्नसंच: सेल बायोलॉजी आणि जेनेटिक्स, दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

आमच्या लालबागमधल्या एका झेरॉक्सवाल्याकडे ‘सेल-जेनेटिक्सचे क्वेश्चन’ असं सांगितलं की स्पायरल बायंडिंग केलेला एक गठ्ठा मिळतो. मुखपृष्ठ नाही, कोणी काढला त्याचा पत्ता नाही, पण एफ.वाय.बी.एस्सी.ची मुलं एकमेकांकडून घेत तो वर्षानुवर्षं चालवत आली आहेत. मी संध्याकाळी या मुलांना शिकवते. जूनमध्ये कॉलेजं उघडल्यापासून हाच संच वापरतेय आणि आता दुसरं सेमिस्टर संपत आलंय. आधी निकाल सांगून टाकते: प्रश्न उत्तम, उत्तरं बेभरवशाची, आणि तरीही पुढच्या वर्षी मी हाच संच वापरणार आहे.

बारावी, सीईटी, नीट या सगळ्यातून आलेल्या मुलांना व्याख्या तोंडपाठ असतात. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण कांद्याच्या मुळाच्या टोकातली पेशी मेटाफेजमध्ये (विभाजनात गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात त्या टप्प्यात) असताना तिच्यात गुणसूत्रं किती आणि क्रोमॅटिड (दुप्पट झालेल्या गुणसूत्राचे दोन सारखे धागे) किती, असं विचारलं की हुशार मुलंही अडखळतात. कांद्याच्या साध्या पेशीत गुणसूत्रं १६ (द्विगुणित संख्या). हा संच त्या एकाच पेशीचा पिच्छा पुरवतो. डीएनए दुप्पट होण्याआधी १६ गुणसूत्रं. दुप्पट झाल्यावर? डीएनए वाढला, गुणसूत्रं १६च. मेटाफेजला १६ गुणसूत्रं आणि ३२ क्रोमॅटिड. अ‍ॅनाफेजला सेंट्रोमिअर (दोन क्रोमॅटिड जिथे जोडलेले असतात तो बिंदू) दुभंगले की ३२ गुणसूत्रं, आणि शेवटी प्रत्येक नव्या पेशीत पुन्हा १६. मग त्याच रोपाच्या परागकोशातली, मिओसिसने (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाने) विभागणारी पेशी समोर येते. मिओसिसच्या पहिल्या अ‍ॅनाफेजला पूर्ण पेशीत किती? इथे सेंट्रोमिअर दुभंगत नाहीत, जोड्या सुटतात. म्हणून १६च, प्रत्येक टोकाकडे ८, आणि त्यातल्या प्रत्येकाला अजून दोन क्रोमॅटिड. तयार परागकणात ८.

हा उपप्रश्नांचा जिना मला संचातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. मुलांनी चित्र काढल्याशिवाय तो चढता येत नाही. मी त्यांना एकच नियम देते: सेंट्रोमिअर मोजा, गुणसूत्रांची संख्या तीच. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवलेली मुळाची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा माझी एक विद्यार्थिनी संध्याकाळी येऊन म्हणाली, “ताई, या वेळी नुसतं जर्नल भरलं नाही, काय बघतेय ते कळत होतं.” मात्र याच प्रश्नाच्या उत्तरात, मिओसिसच्या पहिल्या अ‍ॅनाफेजसमोर, मागच्या पानावर चक्क ३२ छापलेत. ज्या मुलाने विचार करून १६ लिहिलं, त्याने ते खोडून ३२ करावं, यासारखं नुकसान नाही. उत्तरांची पानं फाडून वेगळी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी.

सुरुवातीचा पेशीपटल, परासरण, अंगकं वगैरे भाग ठीक आहे. तांबड्या पेशी ऊर्ध्वपातित पाण्यात फुटतात आणि वनस्पतीपेशी पेशीभित्तिकेमुळे फुटत नाहीत, असे नेहमीचेच प्रश्न. ते आठवडाभरात उरकता येतात.

रेणवीय भागात पुन्हा जीव येतो. डीएनएची प्रत कशी निघते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८चा प्रयोग सगळीकडे असतो: जड नायट्रोजन-१५मध्ये वाढवलेले जिवाणू साध्या नायट्रोजन-१४मध्ये हलवले, पहिल्या पिढीत सगळा डीएनए मधल्या वजनाचा, दुसऱ्या पिढीत अर्धा मधला आणि अर्धा हलका. एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात. हा संच विचारतो, पहिल्या पिढीनंतरच प्रयोग थांबवला असता तर कोणती कल्पना खोडता आली नसती? मधल्या वजनाचा एकच पट्टा दिसल्यावर जुना रेणू अख्खाच्या अख्खा टिकतो ही कल्पना बाद होते. पण जुने-नवे तुकडे दोन्ही धाग्यांत मिसळतात, ही कल्पना अजून उभी राहते. ती मोडायला दुसऱ्या पिढीतला हलका पट्टा लागतो. प्रयोग का केला आणि तिथपर्यंतच का नेला, हे मुलांना अशा प्रश्नातून समजतं. संचात असे प्रश्न दुप्पट हवे होते.

आणि बॉम्बे रक्तगट. परळ-लालबागच्या मुलांना तर हा प्रश्न यायलाच हवा. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या या रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली, म्हणून जगभरच्या आनुवंशिकीत आपल्या शहराचं नाव आहे. संचातला प्रश्न असा: आई आणि वडील दोघंही एबी, मुलाचा गट ‘ओ’ आला. हे कसं? नेहमीच्या हिशेबात हे अशक्य. मुलं आधी म्हणतात, लॅबची चूक. मग संच एक इशारा देतो: ए आणि बी प्रतिजन (रक्तगट ठरवणाऱ्या, तांबड्या पेशीवरच्या खुणा) ज्या पायावर चढतात तो एच प्रतिजन बनवणारं जनुक वेगळं आहे. ते जनुक दोन्ही बाजूंनी निकामी मिळालं तर एच नाही, आणि एच नाही म्हणून ए किंवा बीची जनुकं असूनही तांबड्या पेशीवर काहीच चढत नाही. साध्या तपासणीत असं रक्त ‘ओ’ दिसतं. आई-वडील दोघंही एचसाठी वाहक (एक जनुक चांगलं, एक निकामी) असतील तर सोळा घरांचा तक्ता मांडा: ए ३, एबी ६, बी ३ आणि ‘ओ’सारखे दिसणारे ४.

प्रश्न एवढ्यावर सोडलेला नाही, हे मला फार आवडलं. पुढे विचारलंय, या मुलाला ‘ओ’ गटाचं रक्त दिलं तर? ‘ओ’ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो आणि बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. त्यामुळे ते रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचाच दाता लागतो. तक्त्यातले ते चार चौकोन एखाद्या रुग्णाच्या जिवाशी जोडलेले आहेत, हे या टप्प्यावर मुलांना जाणवतं. त्यातली काही दुसऱ्या दिवशी घरच्यांचे रक्तगट विचारून आली.

थॅलेसेमियाचा प्रश्नही असाच जपून घेण्याजोगा. या आनुवंशिक रक्तविकाराचे आई-वडील दोघं वाहक, पहिलं मूल आजारी, दुसऱ्याची शक्यता किती? एकचतुर्थांश, दर गर्भधारणेला नव्याने. ‘चारात एक झाला, आता पुढचे तीन सुरक्षित’ असं मुलंच नव्हे, घरातली मोठी माणसंही बोलतात. पुढचा उपप्रश्न अवघड आहे: आजारी मुलाची बहीण निरोगी आहे, ती वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेकांचं उत्तर १/२. पण ती निरोगी आहे हे माहीत असल्यावर चारातलं एक घर आपोआप गळतं, उरलेल्या तिनांत दोन वाहकांची, म्हणून २/३. यावर एक अख्खी संध्याकाळ गेली तरी घाई करू नका.

आता तक्रारी. वंशावळीच्या आकृत्या झेरॉक्सच्या झेरॉक्समुळे काळ्या पडल्यात. अर्धा रंगवलेला चौकोन आणि पूर्ण रंगवलेला यांत फरकच दिसत नाही, आणि वाहक कोण हे न दिसल्यावर प्रश्न सुटणार कसा? मी सगळ्या वंशावळी हाताने काढून घेतल्या. एका ग्लुकोज रेणूपासून ३८ एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू), हे जुनं उत्तर तसंच आहे. आता हिशेब साधारण ३० ते ३२चा धरतात. मानवी जनुकं एक लाख लिहिलीत; प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास आहेत. शेवटचा बहुपर्यायी प्रश्नांचा भाग मी मुलांना सोडवायलाच देत नाही, तो कुठल्याही गाइडमध्ये मिळतो. नीटचा वेग वाढवायचा असेल तर हा संच घेऊ नका. एफ.वाय., एस.वाय.ला पाया पक्का करायचा असेल तर जरूर घ्या, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून सोडवा. भाषा इंग्रजी आहे, पण वाक्यं आखूड आहेत, मराठी माध्यमातून आलेल्यांना अडत नाहीत.

काय-वर्ग चाचणीवर (मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी जुळतात का, हे तपासण्याची रीत) संचात एकही प्रश्न नाही, ही उणीव मला जाणवली. म्हणून मेंडेलचेच आकडे घेऊन एक पान मी शेवटी जोडलंय: दुसऱ्या पिढीत वाटाण्याचे ५४७४ गोल दाणे, १८५० सुरकुतलेले, एकूण ७३२४. ३:१ धरलं तर अपेक्षा ५४९३ आणि १८३१. काय-वर्गाची किंमत साधारण ०.२६ येते, ३.८४च्या मर्यादेपेक्षा खूप कमी, म्हणजे ३:१ नाकारायला आधार नाही. ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांनी हे पान वंशावळींच्या आधी लावावं.