सिगंदूरचा शरावतीवरचा नवीन पूल : पाचपैकी साडेचार स्टार

बेळगाव-कोल्हापूरकडून कर्नाटकातला जोगचा धबधबा बघून पुढं सिगंदूरच्या चौडेश्वरी देवीला जाणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण अजूनपण ग्रुपवर लोक विचारतात की लाँच (नदी पार करून देणारी, गाड्या नेणारी मोठी बोट) किती वाजता असते, गाडी चढवून देतात का, रांग किती लागते वगैरे. मंडळी, आता लाँचसाठी थांबायची गरज नाही. १४ जुलै २०२५ ला गडकरींच्या हस्ते पूल चालू झालाय, अंबारगोडलू ते कळसवळ्ळी, २.४४ किलोमीटर, मधला भाग केबलवर टांगलेला, आणि गाडी थेट पलीकडं जाते. खर्च ४७० कोटींच्या आसपास. रस्ता एकदम गुळगुळीत, दोन्ही बाजूला पाणी, पावसाळा संपता संपता गेलात तर धरण भरलेलं असतं आणि लांबवर जंगल असलेल्या टेकड्या पाण्यातून वर आलेल्या दिसतात, डोळ्याचं पारणं फिटतं.

पण हा रिव्ह्यू फक्त व्ह्यूसाठी देत नाहीये. पलीकडं तुमरी, ब्याकोडू आणि आजूबाजूची बरीच गावं आहेत. १९६४ ला शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं, पाणी पसरलं आणि या लोकांचा सागर या तालुक्याच्या गावाला जायचा जुना रस्ताच बुडाला, तीन बाजूंनी पाणी आणि उरलेल्या बाजूला जंगल नि घाट, म्हणजे जवळजवळ बेटच झालं. या शरावतीच्या पाण्यावर अख्ख्या कर्नाटकात दिवे लागले आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते लाँचच्या वेळा बघत बसले. भूमिपूजन २०१८ ला, पूल २०२५ ला, म्हणजे धरणापासून धरलं तर ६१ वर्षं. याचा मला खरंच राग येतो.

पूर्वी लाँचनं गेलोय म्हणून फरक कळतो. गाड्या एकमेकीला खेटून, आरसे मिटवून लावायच्या, मधल्या फटीत बाइका, आणि उरलेल्या जागेत सुपारीची पोती, शाळेची पोरं, सिलिंडर, देवीला आलेले लोक सगळे उभे. आम्हाला ती मजा वाटायची, व्हिडिओ काढायचो. कळसवळ्ळीच्या बाजूला चहा पिताना टपरीवाल्या काकांशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोललो तेव्हा ते म्हणाले की संध्याकाळची शेवटची लाँच गेली की संपलं, रात्री कुणाच्या छातीत दुखलं किंवा बाईला कळा सुरू झाल्या तर जंगलातून मोठा वळसा घालून न्यायचं नाहीतर उजाडायची वाट बघायची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लाँचवर गाड्या घेणंच बंद व्हायचं, फक्त माणसं, मग अँब्युलन्स कुठून जाणार. आता रात्री दोनला पण गाडी निघते असं ते सांगत होते आणि हे सांगताना हातातला चहा गाळायचा थांबवून पुलाकडं बघत होते.

अर्धा स्टार कापलाय तो आपल्यासारख्यांमुळं. पुलाच्या मधोमध गाड्या लावून फोटो काढतात, दारं उघडी टाकून, लहान पोरं कठड्याला लोंबकळतात, मागून बस हॉर्न देत असते तरी कुणी हलत नाही. प्लीज असं करू नका. फोटो काढायचाच असेल तर पूल संपल्यावर गाडी बाजूला घ्या आणि चालत या, तिथून पण छान येतो. ज्या रस्त्यासाठी लोकांनी एवढी वर्षं काढली तो आपण सेल्फीसाठी अडवायचा हे पटत नाही.

अजून एक, पूल झाला म्हणजे सगळ्या सोयी आल्या असं समजू नका. मोठ्या दुखण्याला अजून सागर, शिवमोग्गा नाहीतर घाट उतरून मणिपालच. माझ्या मोबाईलला पलीकडं बराच वेळ रेंज नव्हती, त्यामुळं मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा आणि पेट्रोल सागरलाच भरा. सागरहून दुपारच्या आत निघालात तर दर्शन निवांत होतं, संक्रांतीच्या जत्रेला मात्र गर्दी असतेच. वाटेत सुपारीच्या बागांना ‘इथं देवीचा पहारा आहे’ अशा अर्थाच्या पाट्या लावलेल्या दिसतील, चोरी होऊ नये म्हणून, त्या भागात सगळीकडं आहेत.

आपल्याकडं कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्याला पण असाच केबलचा पूल बांधायला घेतलाय. तिकडची पण तीच कथा, जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या म्हणून २०२२ ला मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली होती. तापोळ्याचं काम करणाऱ्या लोकांनी एकदा सिगंदूरला येऊन पलीकडच्या गावात बसून चहा प्यावा, पूल कुणासाठी लवकर करायचा ते त्यांना तिथं बरोबर कळेल.