बोर्डाच्या खांबाला काँक्रीटऐवजी फोम, काळ्या मातीत दहा महिने वापरून

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, पिशवीतून ओतायचा पोस्ट फोम, म्हणजे खड्ड्यात ओतला की फुगून खांब पक्का करणारा फोम, याला मी ५ पैकी ३ देतोय. लाकडी खांब आणि काळी जमीन असेल तर माझं मत सरळ खडीला. आता सविस्तर.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, इथे भाड्याच्या जागेवर आमची कम्युनिटी गार्डन आहे, मेथी गवार वांगी दोडकी सगळं होतं. मागच्या ऑक्टोबरात तिथे बोर्ड लावायचं काम माझ्याकडे आलं, गेटवर एक मोठा दोन खांबांवर आणि आत चार छोटे, म्हणजे एकूण ६ खांब. काँक्रीट नकोच होतं, कारण जागा आज ना उद्या सोडावी लागणार आणि तेव्हा पाऊणशे पौंडांचा एकेक गोळा जमिनीतून कोण उपटणार. ८ इंच रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात ४ बाय ४ चा खांब उभा केला की ५० पौंडी काँक्रीटच्या साधारण दीड पिशव्या जातात, सहा खांबांना नऊ पिशव्या, त्यात पाणी बादलीने वाहून न्यायचं कारण नळ एकाच कोपऱ्यात. आणि लाकूड काँक्रीटमध्ये बसवलं की वाळल्यावर आक्रसतं, मधे बारीक फट राहते, पावसाचं पाणी त्यात उतरतं ते बाहेर निघतच नाही, मग खांब नेमका जमिनीलगत कुजतो. आधीच्या लोकांनी लावलेला एक असाच कुजलेला होता, वरून धडधाकट दिसायचा, हाताने ढकलला तर मोडून आला.

मी मूळचा परभणीचा. इथे पहिला खड्डा खणला तेव्हा माती लगेच ओळखीची वाटली, तीच चिकट, तीच कुदळीला लपेटणारी. टेक्सासच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात आणि मातीशास्त्रात ही काळी आणि आपली कापसाची काळी एकाच गटात येतात, व्हर्टिसॉल. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. इथे उन्हाळ्यात लोक घराच्या पायालासुद्धा पाझरत्या नळीने पाणी देतात, पाया हलू नये म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण फोमचा सगळा निकाल इथेच लागला.

मी २ खांब फोमने बसवले, २ खडीने, आणि गेटचे दोन स्टीलचे ठोकले.

फोम वापरायला खरंच सोपा. एका खांबाला एक पिशवी, साधारण १५ डॉलर, वजन जेमतेम दोन पौंड. पिशवीत दोन द्रव वेगवेगळे असतात, मधला अडथळा सोडवायचा, वीसेक सेकंद जोरात हलवायचं, कोपरा कापून खड्ड्यात ओतायचं. हलवताना पिशवी हाताला गरम लागायला लागते, तेव्हा जराही रेंगाळू नका, फोम लगेच फुगून वर यायला लागतो. खांब आधीच ओळंब्यात धरलेला हवा, म्हणजे दुसरा माणूस पाहिजेच, कारण तीन मिनिटांत तो जसा असेल तसाच पक्का होतो, नंतर सरळ करता येत नाही. दोन तासांनी बोर्ड लावले. पाणी नाही, घमेलं नाही, फावडं धुवायचं नाही, या बाबतीत पैकीच्या पैकी.

पण हातमोजे आणि चष्मा घालाच, हे पॉलियुरेथेन आहे, यातल्या एका द्रवात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, कातडीला चिकटलं की दिवसेंदिवस निघत नाही. खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर ओतू नका, पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन फोम पोकळ आणि कच्चा होतो. वरचे तीन-चार इंच मातीने झाका कारण उन्हाने तो पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो, हे मला एका खांबाला नंतर करावं लागलं.

एप्रिल-मेच्या वादळात दोन्ही फोमचे खांब जागचे हलले नाहीत. खरी परीक्षा जुलैत झाली. महिनाभर पाऊस नाही, माती आक्रसली आणि फोमच्या गोळ्याभोवती बोट जाईल एवढी फट पडली. खांब आणि फोम एकमेकांना घट्ट, पण आख्खा गोळाच खड्ड्यात डुलायला लागला आणि कंपोस्टचा बोर्ड एका बाजूला कलला. काँक्रीटचंही या मातीत हेच झालं असतं, फक्त वजनामुळे थोडं कमी. फोमला स्वतःचं वजनच नाही, तो सगळा आजूबाजूच्या मातीच्या भरवशावर उभा असतो, आणि आमची माती वर्षभर एकसारखी राहत नाही.

खडीचे दोन खांब मात्र बघा. चुरीसकट पाऊण इंची खडी घेतली, फोडलेली कोनेदार, गोल गुळगुळीत गोटे अजिबात नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत. तळाला अर्धा फूट खडी, त्यावर खांब, मग चार-पाच इंच टाकायची आणि पहारेच्या बोथट टोकाने चहूबाजूंनी ठोकायची, मग पुढचा थर. एका खांबाला पाऊण तास जातो आणि दुसऱ्या दिवशी खांदे दुखतात. घाई करून एकदम भरून वरून ठोकलं तर खालची खडी सैलच राहते. उन्हाळ्यात याच्याभोवतीही फट पडली, पण खडी आपोआप खाली सरकून फटीत बसली, मी वरून दोन घमेली खडी टाकून पुन्हा ठोकली, दहा मिनिटांत खांब परत ओळंब्यात. पाणी लाकडाला लागून अडकून राहत नाही त्यामुळे लाकूडही लवकर सुकतं. खांब घेताना ग्राउंड काँटॅक्टचा (म्हणजे जमिनीत गाडायला चालेल असा) टॅग असलेला, कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेला ट्रीटेड घ्या.

स्टीलबद्दल थोडक्यात, इथले रस्त्याकडेचे कितीतरी बोर्ड काँक्रीटशिवाय नुसते ठोकलेल्या भोकंवाल्या स्टीलच्या खांबावर असतात, गाडी आदळली तर खांब वाकावा किंवा तुटावा, माणूस वाचावा म्हणून ते मुद्दाम तसे असतात. आमचे गेटचे खांब तीन फूट ठोकले, दोघांना मिळून वीस मिनिटं, दहा महिन्यांत तक्रार नाही. दिसायला लाकडाची शोभा नाही एवढंच.

काहीही खणायच्या किंवा ठोकायच्या दोन-तीन दिवस आधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, जमिनीखाली गॅस-विजेच्या लायनी कुठे आहेत त्याच्या खुणा येऊन करून जातात. आमच्या गेटपासून चार फुटांवर पिवळी झेंडी लागली, म्हणजे गॅस, मग गेटचा एक खांब सरकवला.

जिथे पाणी नेता येत नाही, माती मुरमाड किंवा वाळूमिश्रित आहे आणि खांब अर्ध्या तासात उभा हवाय तिथे फोम घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस पडून माती मऊ झाली की कंपोस्टचा खांब फोमसकट काढून खडीत बसवणार आहे, खडीची अर्धी गोणी शेडमध्ये ठेवलीच आहे.