निगेटिव्ह शिल्लक होती म्हणून : ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा ब्लू-रे संच

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेचे सातही सीझन असलेला ४१ डिस्कचा ब्लू-रे संच गेल्या उन्हाळ्यात घरी आला आणि मे महिन्यापासून दसऱ्यापर्यंत आम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. आम्ही म्हणजे मी आणि माझे धाकटे काका, ज्यांचा नागपूरच्या महाल भागात तीस वर्षे फोटो स्टुडिओ होता. ही मालिका अमेरिकेत १९८७ ते १९९४ या काळात प्रसारित झाली. आमच्या वाट्याला ती नव्वदच्या दशकात केबलवर आली, तीही पडद्यावरच्या मुंग्यांसकट. त्या वेळी काही भाग मी व्हीएचएस कॅसेटवर उतरवून घेतले होते, पण नागपूरच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्या टेपांवर पांढरी बुरशी चढली आणि ते भाग हातचे गेले. या संचाबद्दल मला वाटणाऱ्या आपुलकीचे मूळ तिथे आहे, आणि ती आपुलकी बाजूला ठेवून लिहिणे मला शक्य नाही.

संचाचे मोल कळायचे असेल तर मालिका मुळात कशी तयार होत असे हे पाहावे लागते. कलाकारांचे सारे चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर, म्हणजे चित्रपटगृहात लागणारे सिनेमे ज्या फिल्मवर काढत त्याच फिल्मवर झाले होते. मात्र फिल्म धुऊन झाली की तिची प्रत व्हिडिओटेपवर घेतली जाई आणि पुढचे सगळे काम, म्हणजे संकलन, अवकाशयानांची दृश्ये एकावर एक बसवणे, शस्त्रांचे किरण, माणसांना क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्राची झळाळी, हे टेपवरच होई. ठरलेल्या मुदतीत भागामागून भाग द्यायचे तर वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी हा मार्ग सोयीचा होता. त्यामुळे पूर्ण झालेला भाग म्हणून जे काही होते ते फक्त टेपवर होते, आणि टेप अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीची असल्यामुळे चित्राच्या दिसणाऱ्या ओळी साधारण ४८०च होत्या. फिल्मवर उमटलेला बाकीचा तपशील डब्यांत बंद राहिला. याउलट १९६६ ते १९६९ मधल्या मूळ ‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग शेवटपर्यंत फिल्मवरच सिद्ध झाले होते, म्हणून ते पुन्हा स्कॅन करणे तुलनेने सरळ होते. वीस वर्षांनी आलेली मालिका तिच्या आधीच्या मालिकेपेक्षा अंधूक दिसावी, हे विचित्र होते खरे, पण त्याचे कारण एवढेच होते.

काकांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. लग्नाच्या अल्बममधले फोटो पिवळे पडले की लोक त्यांच्याकडे येत, आणि काका कपाटातल्या पाकिटातून निगेटिव्ह शोधून नवी प्रिंट काढून देत. “निगेटिव्ह हाती आहे ना, मग कायची चिंता करून राहिला तू?” असे ते पहिल्याच संध्याकाळी म्हणाले. अडचण होती ती संख्येची. या मालिकेच्या निगेटिव्हची २५ हजारांहून अधिक रिळे होती आणि ती भागांच्या क्रमाने कधी कापून जोडली गेलीच नव्हती. मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीच्या ‘सीबीएस डिजिटल’ या विभागाच्या चमूने जुनी टेप समोर ठेवून प्रत्येक शॉट कोणत्या रिळात आहे ते शोधले, तो नव्याने स्कॅन केला आणि भाग पुन्हा पहिल्यापासून संकलित केला. त्यातही फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची आणि टेप जवळजवळ ३० फ्रेमची, त्यामुळे कट नेमका कोणत्या फ्रेमवर आहे हे ठरवायलाही गणित मांडावे लागते. शोध, स्कॅन आणि संकलन हा क्रम जवळपास १८० भागांसाठी पार पाडावा लागला. पहिला सीझन जुलै २०१२ मध्ये आणि शेवटचा डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला, हे लक्षात घेतले तर कामाचा आवाका ध्यानात येईल.

अवकाशयानाची दृश्ये हा या संचाचा सर्वांत देखणा भाग आहे. मालिकेतले एंटरप्राइज यान म्हणजे हाताने घडवलेली प्रतिकृती होती. तिचे चित्रण करताना कॅमेरा यंत्राच्या साहाय्याने अगदी त्याच मार्गाने पुनःपुन्हा फिरवत. एकदा यानाचे अंग, एकदा खिडक्यांतले दिवे, एकदा इंजिनाची निळी-तांबडी प्रभा, असे प्रत्येक थर वेगवेगळ्या फिल्मवर घेतले जात आणि नंतर ते टेपवर एकत्र केले जात. १९८०च्या दशकातील टेपवर थरांवर थर चढवताना प्रत्येक वेळी चित्र थोडे मळत असे. आता तेच मूळ थर स्कॅन करून संगणकावर नव्याने जुळवले आहेत, त्यामुळे यानाच्या पत्र्यांमधला सूक्ष्म रंगभेद पहिल्यांदाच दिसतो. जे मुळात टेपवरच निर्माण केले गेले होते, म्हणजे फेझर या शस्त्राचे किरण, ट्रान्सपोर्टरची चमक, बरेचसे ग्रह, ते मात्र नव्याने करावे लागले. या मालिकेच्या चित्रणाच्या वेळी यानातल्या पडद्यांवरच्या आकृत्या ज्यांनी रचल्या ते मायकेल ओकुडा आणि डेनिस ओकुडा या कामात सल्लागार होते, आणि नव्या गोष्टी जुन्याच हाताच्या वाटतात याचे बरेच श्रेय त्यांना जाते असे मला वाटते.

येथे त्यांच्यापुढे सोपा रस्ताही खुला होता. मूळ ‘स्टार ट्रेक’च्या २००६ सालापासून झालेल्या नव्या आवृत्तीत यानाची जुनी दृश्ये काढून संगणकनिर्मित दृश्ये घातली गेली. सुदैवाने २००९च्या ब्लू-रेवर जुने की नवे, हे निवडण्याची सोय प्रेक्षकाला मिळाली. ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये ती वाट घेतली नाही, आणि हा निर्णय मला या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रतिकृतीवर पडलेला प्रकाश खरा असतो; तिच्या कडेवरून सरकणारी सावली कोणी मोजून काढलेली नसते. काकांनी पहिल्या भागात यान कॅमेऱ्यासमोरून जाताना डिस्क थांबवली आणि मुख्य दिवा कोणत्या बाजूला असेल, भर घालणारा दिवा किती मंद असेल, हे मला बोटाने दाखवले. संगणकाने काढलेल्या यानासमोर त्यांनी तसे केले असते असे मला वाटत नाही.

स्पष्टतेचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. जुन्या डीव्हीडीवर ७२० बाय ४८०, म्हणजे ३,४५,६०० बिंदू असतात. ब्लू-रेच्या पूर्ण चौकटीत २०,७३,६०० बिंदू मावतात, परंतु ही मालिका चारास तीन या मूळ प्रमाणात ठेवल्यामुळे तिच्या वाट्याला १४४० बाय १०८०, म्हणजे १५,५५,२०० बिंदू येतात. वाढ साडेचार पट झाली. प्रत्यक्षात डोळ्यांना जाणवतो तो फरक रंगांचा आहे. टेपवर गणवेशांचा लाल रंग पसरून कडेबाहेर जात असे. आता त्याच गणवेशाच्या कापडाची वीण दिसते, गालिच्यावरची झीज दिसते, परग्रहवासी पात्रांच्या कपाळावर चिकटवलेल्या रबरी कड्यांची सीमारेषाही दिसते. नियंत्रणकक्षातील काही पडद्यांवर दिव्यांचे प्रतिबिंब पडू नये म्हणून काळा कागद लावला होता. घरच्या लहान टीव्हीवर तो कोणाला दिसणार नाही याची तेव्हा खात्री होती, आणि आता तो स्वच्छ दिसतो. इंजिनकक्षातील यानाच्या आकृतीत कोणी मिस्कीलपणे काढलेले बदकही सापडते. काहींना यामुळे जादू उणावल्यासारखी वाटेल. मला मात्र त्या कागदाच्या तुकड्यातही काम करणाऱ्याचा हात दिसला, आणि तो पुसून टाकला नाही याचा आनंद वाटला.

चौकटीच्या दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्यांबद्दल तक्रार करणारे बरेच भेटतील. सीताबर्डीच्या दुकानांत टीव्ही दाखवताना जुनी चित्रे ताणून पडदाभर करून ठेवलेली असतात आणि लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली आहे. पण या मालिकेची प्रत्येक चौकट चारास तीन या प्रमाणासाठी रचलेली होती. तिच्याबाहेर फिल्मवर जे उमटले आहे त्यात दिव्यांचे स्टँड आणि इतर सामानही आहे. ‘बॅबिलॉन ५’ या नव्वदच्या दशकातील अवकाश-मालिकेने रुंद चौकटीची किंमत मोजली आहे. तिचे अभिनयाचे चित्रण पुढे रुंद पडद्यावर दाखवता यावे अशा बेताने झाले होते, पण संगणकावरील अवकाशदृश्ये चारास तीनमध्ये आणि टीव्हीच्या त्या वेळच्या स्पष्टतेपुरतीच तयार केली होती. डीव्हीडीसाठी ती रुंद करताना वरून-खालून कापावी लागली आणि चित्र अधिकच खरखरीत झाले. २०२१ मध्ये त्या मालिकेची सुधारित आवृत्ती आली ती पुन्हा चारास तीनमध्ये. अभिनयाची फिल्म नव्याने स्कॅन झाली, संगणकदृश्ये मात्र मोठी करूनच वापरावी लागली, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना तो सांधा डोळ्यांना जाणवत राहतो.

आता दोषांकडे येतो. दुसरा सीझन पहिल्या आणि तिसऱ्याच्या तोडीचा नाही. तो दुसऱ्या एका कंपनीकडे सोपवला गेला होता. काही ठिकाणी चित्र मऊ वाटते, आणि यानदृश्ये जुळवताना पहिल्या सीझनमध्ये जी बारकाई दिसते ती येथे सारखी टिकत नाही. तरीही याच सीझनमध्ये ‘द मेजर ऑफ अ मॅन’ या भागाची वाढीव आवृत्ती दिली आहे, जी मूळ प्रसारणात कधीच दिसली नव्हती. डेटा हा यंत्रमानव मालमत्ता आहे की व्यक्ती, याचा न्यायनिवाडा करणारा तो भाग काकांनी दोनदा पाहिला, आणि त्या एका भागासाठी दुसऱ्या सीझनचे चित्रदोष मी पोटात घालायला तयार आहे. पहिल्या सीझनच्या ‘डेटालोर’मधील स्फटिकासारखा जीव नव्याने संगणकावर घडवला आहे. तो सुंदर आहे, पण भोवतालच्या चित्राच्या वयापेक्षा तरुण दिसतो.

तिसऱ्या सीझनच्या ‘सिन्स ऑफ द फादर’ या भागात मात्र १३ सेकंद असे आहेत, ज्यांची मूळ फिल्म सापडलीच नाही. तेथे जुन्या टेपवरचेच चित्र मोठे करून बसवले आहे. खोलीत आम्ही दोघेच होतो, कूलरची पाण्याची मोटर घरघरत होती, आणि पडदा अचानक धूसर झाल्यावर काका खुर्चीत पुढे सरकले. “हा डबा हरवला वाटते,” एवढेच ते म्हणाले. बाकीचे काम किती अवघड होते हे मला त्या १३ सेकंदांनी जितके समजावले, तितके संचासोबतच्या माहितीपटांनीही समजावले नाही. आणि ते माहितीपट उत्तम आहेत.

हल्ली असे धूसर चित्र संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने ‘स्वच्छ’ करून देणारे पुष्कळ भेटतात. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या दोन मालिकांचे पूर्ण पुनर्निर्माण झाले नसल्यामुळे त्यांच्यावर असे प्रयोग चालतात. या मालिकांची गाठ अधिक कठीण आहे, कारण त्यांच्या उत्तरार्धातील अनेक यानदृश्ये फिल्मवर नव्हतीच. ती संगणकावर टीव्हीच्या मापाने तयार झाली होती. असे प्रयोग दाखवले तेव्हा काकांना रिटचिंग आठवले. पूर्वी ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरत असत, आणि हात जरा जास्त चालला की नवरीचा चेहरा तिच्या आईलाही परका वाटे. या प्रयोगांतले चेहरे अगदी तसे झाले आहेत: त्वचेवरची रंध्रे गेली आणि डोळ्यांभोवती जे नव्हते ते उगवले. निगेटिव्हकडे परत जाणे आणि अंदाजाने भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना विक्रेते ‘रिमास्टर’ हा एकच शब्द लावतात, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

जिथे निगेटिव्ह मुळातच नव्हती तिथे काय होते, हे ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या जुन्या मालिकेतील ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही १९७० ची कथा तेवढी संपूर्णपणे फिल्मवर काढली गेली होती, म्हणून खऱ्या उच्च स्पष्टतेत तीच मिळू शकली. बाकीच्या कथा बहुतांशी टेपवर असल्यामुळे त्यांना मर्यादा आहे. आपल्याकडे दूरदर्शनच्या त्या काळातील पुष्कळ मालिकाही थेट व्हिडिओटेपवर चित्रित झाल्या. त्यांच्या टेपा जपल्या तरी ५७६ ओळींच्या पलीकडचे त्यांत काही नाही. पण तेवढ्या ओळी तरी बुरशीपासून वाचाव्यात असे माझ्या कॅसेटी फेकताना मला फार वाटले होते.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मराठी किंवा हिंदी उपशीर्षके नाहीत. काका इंग्रजी उपशीर्षके लावून पाहत होते आणि त्यांचे अडले नाही. सात चॅनेलचा नवा आवाज भरदार आहे, तरी जुने स्टिरिओ मिश्रण मला संवादांसाठी अधिक आवडले. टीव्हीतील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी आणि शार्पनेस कमी ठेवावा, म्हणजे फिल्मचे ग्रेन, म्हणजे तिचे बारीक कण, जसेच्या तसे दिसते. इंटरनेटवरील प्रसारणात तेच ग्रेन अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी ठिपक्यांत फुटते. संच परदेशातून मागवल्यास आयात शुल्क धरून किंमत बरीच चढते. एकदम सगळे घेणे शक्य नसेल तर तिसरा सीझन आधी घ्यावा. लेखन तिथे स्थिरावते, यानाची नवी चार फुटी प्रतिकृती तिथे येते, आणि शेवटी ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्‌स’चा पहिला भाग आहे. तो रात्री, खोलीतले दिवे मालवून पाहावा, आणि चौथ्या सीझनची पहिली डिस्क आधीच हाताशी ठेवावी.